जुना संगणक आणि मराठवाड्याचा उन्हाळा

मार्गशीर्षांत बिनबोभाट चालणारा संगणक वैशाखांत दुपारीं तीनच्या सुमारास एकाएकीं अडखळूं लागतो, आंतील पंखा घोंघावूं लागतो, पडद्यावरील चित्र जागच्या जागीं थिजतें आणि क्षणभरानें सर्वच काळोख होतो. छत्रपति संभाजीनगरांतील, म्हणजे २०२३ पर्यंत औरंगाबाद या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या शहरांतील, पुष्कळ घरांना हा अनुभव आहे. घरांतील वडील माणसें विजेला बोल लावतात. तरुण मंडळी व्हायरसला दोष देतात. दुरुस्तीवाला बहुधा संध्याकाळीं येतो, गारव्याला यंत्र सुरू करून पाहतो, आणि तें उत्तम चालतें असें सांगून आपली मजुरी घेऊन जातो. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुनः पहिले पाढे पंचावन्न. दुखणें यंत्राचें आहे हें खरें, परंतु त्याचें मूळ शोधावयाचें तर यंत्राच्या आधीं खोलींतील हवेकडे पाहिलें पाहिजे.

हें दुखणें सर्वच संगणकांना सारखें जडत नाहीं. जानेवारी २०११ मध्यें इंटेल कंपनीनें ‘कोअर आय-७ २६००-के’ नांवाचा प्रोसेसर बाजारांत आणला. प्रोसेसर म्हणजे संगणकांतील प्रत्यक्ष गणित करणारी सिलिकनची चकती. तिच्या नांवाच्या शेवटीं असलेल्या ‘के’ या अक्षराचा अर्थ असा कीं, कारखान्यानें ठरवून दिलेला वेग वाढवून घेण्याची मुभा खरेदीदाराला आहे. पुढल्या वर्षीं ए.एम.डी. या प्रतिस्पर्धी कंपनीचा ‘एफ-एक्स ८३५०’ आला, त्यालाहि तशीच मुभा होती. या मुभेचा उपयोग करून प्रोसेसर ठरीव वेगापेक्षां अधिक वेगानें पळविणें यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मराठींत त्यास वेगवर्धन म्हणण्यास हरकत नसावी. त्या काळीं महाविद्यालयांत असलेल्या अनेक हौशी तरुणांनीं हे प्रोसेसर घेतले, त्यांचा वेग वाढविला आणि मित्रमंडळींत मिशीवर ताव दिला. पुढें ते नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेले. यंत्र घरींच राहिलें, आणि त्याला लावलेला वेगहि तसाच राहिला.

आतां त्या यंत्राकडे घरांतील दुसऱ्या कोणाची तरी दृष्टि वळते. धाकटा मुलगा अभियांत्रिकीच्या वर्गांत गेलेला असतो, त्याला आराखडे काढण्यासाठीं जोरकस यंत्र हवें असतें; नवें घ्यावयाचें तर घरखर्चाला मोठें भगदाड पडतें; तेव्हां जुन्याच यंत्रांत रॅम वाढवावी आणि एक चांगलें ग्राफिक्स कार्ड बसवावें असा बेत ठरतो. याच यंत्राच्या डिस्कवर आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचीं छायाचित्रें, घराच्या कर्जाचे कागद आणि वडिलांचा दहा वर्षांचा हिशेब पडून असतो. म्हणून हा विषय केवळ हौसेचा राहत नाहीं. त्यांत आणखी एक अडचण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें ‘विंडोज १०’ची नेहमींची विनामूल्य डागडुजी थांबविली, आणि ‘विंडोज ११’ इतक्या जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणें स्वीकारीत नाहीं. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली शिकून घेण्याची ज्या घराची तयारी नसेल, त्यानें जुन्या यंत्रावर मोठा खर्च करण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

प्रोसेसरला जी वीज मिळते ती जवळजवळ सर्वच्या सर्व अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. गिरणींतून आलेलें पीठ हाताला गरम लागतें त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें पिठाच्या जागीं उत्तर मिळतें आणि उत्तराला वजन नसतें. ही उष्णता मुख्यत्वें तीन गोष्टींवर अवलंबून असते: चकतींतील कोट्यवधि सूक्ष्म खटक्यांची विद्युत् साठविण्याची शक्ति, त्यांची दर सेकंदाची उघडझांप, आणि त्यांना दिलेला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज. यांपैकीं पहिली गोष्ट कारखान्यांतच ठरलेली असते. उघडझांप दुप्पट झाली तर उष्णता दुप्पट होते. दाबाची गोष्ट मात्र निराळी आहे; उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. आणि वेगवर्धनाची खरी मेख येथेंच आहे, कारण वेग बराच वाढवावयाचा तर दाबहि वाढवावा लागतो. एरव्हीं खटके वेळेवर उघडत नाहींत आणि गणित चुकतें.

एक उदाहरण घेऊं. समजा, एक प्रोसेसर ३.४ गिगाहर्ट्झ वेगानें, म्हणजे सेकंदाला ३४० कोटी ठोक्यांनीं, १.२ व्होल्ट दाबावर चालतो आणि पूर्ण कामांत ९५ वॅट उष्णता टाकतो. हौशी मालकानें तो ४.४ गिगाहर्ट्झवर नेला व त्यासाठीं दाब १.४ व्होल्ट केला. वेग १.२९ पट झाला. दाब १.१७ पट झाला, त्याचा वर्ग १.३६. दोहोंचा गुणाकार १.७६. म्हणजे ९५ वॅटांचे सुमारें १६७ वॅट झाले. कामाचा वेग शेंकडा २९ वाढला आणि उष्णता शेंकडा ७६ वाढली! रोज सहा तास यंत्र पूर्ण जोरानें चालविलें तर या जादा ७२ वॅटांचे महिन्याला सुमारें १३ युनिट होतात, ते बिलांत दिसतातच.

आतां या १६७ वॅटांना घेऊन उन्हाळ्यांत यावें. प्रोसेसरवर धातूचें एक शीतक बसविलेलें असतें व त्यावर पंखा असतो. या जोडीला बाजारांत नुसतें ‘कूलर’ म्हणतात, पण वाळ्याच्या कूलरशीं घोटाळा नको म्हणून येथें शीतक हाच शब्द बरा. मध्यम प्रतीच्या शीतकानें दर वॅटमागें प्रोसेसर भोंवतालच्या हवेपेक्षां ०.३ अंशानें अधिक तापतो असें धरूं. १६७ वॅटांना हा फरक सुमारें ५० अंशांचा झाला. संगणकाच्या पेटींतील हवा खोलीपेक्षां आठ अंशांनीं गरम आहे असेंहि धरूं. डिसेंबरांत खोली २० अंशांवर असतांना पेटींत २८ आणि प्रोसेसर ७८ अंशांवर राहतो. हें तापमान जास्त असलें तरी चालण्यासारखें आहे. मे महिन्यांत, वरच्या मजल्यावर, गच्चीच्या तापलेल्या स्लॅबखालीं खोली ३८ अंशांवर गेली कीं पेटींत ४६ आणि प्रोसेसर ९६ होतो. पुष्कळ प्रोसेसर ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान स्वतःचा जीव वाचविण्यासाठीं आपण होऊन वेग घटवितात, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर यंत्र बंद पाडतात. दुपारीं तीनचा तो काळोख म्हणजे हेंच. ज्या वेगासाठीं एवढा खटाटोप केला तो वेग नेमका कामाच्या वेळीं मिळत नाहीं.

वेगवर्धनाचीं परदेशी परीक्षणें जे आंकडे देतात ते बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलींत घेतलेले असतात. ‘अमुक शीतक लावा, तापमान ७५च्या वर जाणार नाहीं’ हें वाक्य तेथें खरें असतें. तेच वाक्य सिडको वसाहतींतील किंवा गारखेड्यांतील घरांत वाचतांना त्यांत पंधरा-सोळा अंश मिळवून वाचलें पाहिजे. किंबहुना थोडे अधिकच, कारण तापलेल्या चकतींतून विजेची गळती वाढते व त्या गळतीची पुनः उष्णता होते. शिवाय हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंचीवर आहे. येथील हवा मुळांतच मुंबईपेक्षां विरळ, त्यांत उन्हाळ्यानें आणखी विरळ झालेली. समुद्रकाठच्या वीस अंशांच्या हवेशीं तुलना केली तर पंख्याच्या दर फेऱ्याला वजनानें सुमारें शेंकडा अकरा हवा कमी मिळते. उंचीचा हा भाग लहानसाच आहे, पण आधींच काठावर आलेल्या यंत्राला तोहि जाणवतो.

उष्णता चकतींतून निघून खोलीच्या हवेंत जाईपर्यंतचा मार्ग कसा असतो हें समजण्यास या शहराइतकें सोयीचें ठिकाण दुसरें नाहीं. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें या गांवाला डोंगरांतून नहर काढून पाणी आणलें. त्याच पद्धतीनें पुढें पाणचक्कीला दूरच्या झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलें गेलें. तें उंच भिंतीवर चढून तेथून खालीं हौदांत पडतें. अशा नळमार्गांत शंभर ठिकाणीं नळ रुंद असला आणि एकाच ठिकाणीं मुळ्यांनीं किंवा गाळानें अर्धा बुजला, तर चक्कीला मिळणारें पाणी त्या एका ठिकाणावरून ठरतें. बाकीचे नळ कितीहि रुंद केले तरी उपयोग नाहीं. उष्णतेचा मार्गहि असाच आहे. चकतींतून तिच्यावरील धातूच्या झांकणांत, झांकणांतून थर्मल पेस्टच्या पातळ थरांत, तेथून शीतकाच्या तांब्यांत, तांब्यांतून ॲल्युमिनियमच्या पात्यांत, पात्यांतून पेटींतील हवेंत, आणि पेटींतून खोलींत, असे सहा टप्पे आहेत. यांपैकीं कोठें अडतें हें न पाहतां महागडें शीतक विकत आणणें म्हणजे बुजलेला नळ तसाच ठेवून हौद मोठा बांधण्यासारखें आहे.

पाणचक्कीच्या त्या मोठ्या हौदाचा तळ हा खालच्या प्रशस्त दालनाचें छत आहे, ही गोष्ट पाहुण्यांना मोठ्या कौतुकानें दाखविली जाते. वर पाणी असल्यानें तें दालन उन्हाळ्यांतहि गार राहतें. यंत्राची उष्णता पाण्यानें नेण्याची जी पद्धत आज नवलाची वाटते तिच्यामागील तत्त्वहि निराळें नाहीं. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकांत पाणी थेट प्रोसेसरांवरील पट्ट्यांतून खेळविलेलें आहे. हवेपेक्षां तेवढ्याच आकारमानाचें पाणी हजारों पट अधिक उष्णता वाहून नेतें, हें त्याचें कारण. मात्र पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं, तें ती दुसरीकडे नेऊन टाकतें. घरगुती संगणकासाठीं मिळणाऱ्या बंदिस्त पाण्याच्या शीतकाला हीच मर्यादा आहे. त्याचा पंखाहि अखेर खोलीच्याच हवेनें पाणी निववितो; खोली ३८ अंशांवर असेल तर जगांतील कोणतेंहि साधें शीतक प्रोसेसरला ३७ अंशांवर आणूं शकत नाहीं.

उष्णतेचा हा त्रास संगणकाच्या जन्मापासूनचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कामास लागलेल्या ‘टिफ्रॅक’मध्यें सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि निर्वात नळी आंतील तार तापल्याखेरीज कामच करीत नाहीं. पुढें ट्रान्झिस्टर आले, ते लहान लहान होत गेले. १९७४ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, खटका जसा लहान करावा तसा त्याचा दाबहि कमी करतां येतो, आणि त्यामुळें दर चौरस मिलिमीटरची उष्णता जवळजवळ तेवढीच राहते. सुमारें तीस वर्षें या नियमानें उद्योगाला तारलें. मग दाब आणखी उतरेना, गळती वाढली, आणि २००४ सालीं इंटेललाहि ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारांत आणण्याचा बेत सोडून द्यावा लागला. त्यानंतर एकाच चकतीला पळविण्याऐवजीं तिच्यांत दोन, चार, आठ गणकभाग घालण्याची रीत रूढ झाली. मोठमोठ्या कारखान्यांनीं जेथें हात टेंकले, तेथें घरच्या टेबलावर उन्हाळ्याच्या दुपारीं तीच शर्यत पुनः लावण्यांत शहाणपण नाहीं.

म्हणून जुन्या यंत्रांत कांहीं घालण्यापूर्वीं त्यांतून कांहीं काढलें पाहिजे, आणि तें म्हणजे वाढविलेला वेग. बायोस नांवाच्या मूळ पाटींत जाऊन प्रोसेसरचा वेग व दाब कारखान्याच्या मूळ मानावर आणावा. हें काम पैशाशिवाय आणि दहा मिनिटांत होतें, आणि तरीहि तेंच सर्वांत कमी केलें जातें. कारण थोरल्या भावानें मोठ्या अभिमानानें केलेली करामत उलटविण्याचें धाडस धाकट्याला होत नाहीं! वरच्या उदाहरणांत मूळ मानावर आणलेला ९५ वॅटांचा प्रोसेसर मे महिन्यांतहि ७५ अंशांच्या आंतच राहतो. ज्यांना वेगाचा मोह सुटत नाहीं त्यांना मधला मार्ग आहे: दाब १.२ व्होल्टच ठेवून वेग ३.८ गिगाहर्ट्झपर्यंतच न्यावा. तेव्हां उष्णता सुमारें १०६ वॅट होते व भर उन्हाळ्यांत प्रोसेसर ७८ अंशांवर राहतो. जें तापमान पूर्वीं मार्गशीर्षांत मिळत होतें तें आतां वैशाखांत मिळूं लागतें. प्रत्येक चकती इतका वेग मूळ दाबावर झेपवीलच असें नाहीं. चांचणींत गणित चुकूं लागलें तर निमूटपणें खालीं उतरावें.

चुकणारें गणित ही गोष्ट यंत्र बंद पडण्याहूनहि वाईट आहे. बंद पडलेलें यंत्र निदान दिसतें. काठावर तापलेल्या, दाबाला पुरा न पडणाऱ्या प्रोसेसरकडून मधूनच एखादा आंकडा चुकतो, आणि तो चुकीचा आंकडा डिस्कवर मुकाट्यानें लिहिला जातो. महिन्या-दोन महिन्यांनीं एखादें छायाचित्र अर्धें करडें दिसतें किंवा हिशेबाची फाईल उघडत नाहीं, तेव्हां दोष डिस्कला दिला जातो. नवी रॅम घातल्यावर यंत्र बिघडलें तर दोष रॅमला दिला जातो आणि ती दुकानदाराला परत केली जाते. वास्तविक मूळ वेगावर तीच रॅम सुखानें चालली असती. तेव्हां यंत्राला हात लावण्यापूर्वीं सर्व कागदपत्रांची व छायाचित्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती कपाटांत ठेवावी, हें सांगण्यास नकोच. पण घरोघरीं हेंच राहून जातें.

यानंतर धूळ. मार्चपासून जूनपर्यंत या शहरांत रस्त्यांची धूळ आणि भोंवतालच्या शेतांवरून उडणारी काळी माती यांना तोटा नसतो, आणि पेटींतील पंखा ती दिवसभर आंत ओढीत असतो. चार वर्षें न उघडलेल्या यंत्रांत शीतकाच्या पात्यांवर धुळीचा असा थर सांपडतो कीं, तो गोधडीच्या कापसासारखा उचलून काढतां येतो. तो काढल्यानें मिळणारा फायदा कधींकधीं नव्या शीतकाच्या फायद्याहून अधिक असतो. विजेची वायर काढून यंत्र गच्चींत न्यावें, मऊ ब्रशानें व ब्लोअरनें साफ करावें, आणि ब्लोअर मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. मोकळें सोडल्यास तें भलत्याच वेगानें फिरतें व पंखा खराब होतो.

थर्मल पेस्ट वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें सुकते व तिला चिरा पडतात. शीतक काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलानें पुसावी व तुरीच्या दाण्याएवढी नवी मध्यभागीं ठेवावी. शीतकाच्या दाबानें ती आपोआप पसरते. अधिक लावल्यानें अधिक थंडावा येत नाहीं. ए.एम.डी.च्या त्या काळच्या प्रोसेसरांबाबत एक सावधगिरी हवी. सुकलेल्या पेस्टनें प्रोसेसर शीतकाला घट्ट चिकटतो, आणि शीतक सरळ वर ओढल्यास प्रोसेसरहि आपल्या शेंकडों नाजूक पिनांसह उपटून येतो. यंत्र आधीं पंधरा मिनिटें चालवून पेस्ट ऊन करावी, मग यंत्र बंद करून, वायर काढून, शीतक हलकेंच डावीं-उजवीं फिरवून सोडवावें.

नवें शीतक घ्यावयाचें ठरलें तर एका फसव्या गोष्टीकडे लक्ष असावें. मूळचें बुटकें शीतक हवा खालच्या दिशेनें फेंकतें. ती प्रोसेसरला निववून त्याच्या भोंवतीं बसलेल्या दाबनियामक भागांवरूनहि वाहते. हे भाग प्रोसेसरला लागणारी वीज तयार करून देतात व स्वतःहि तापतात. त्यांच्या जागीं उंच, आडवी हवा फेंकणारें किंवा पाण्याचें शीतक बसविलें, कीं प्रोसेसरचा आंकडा सुरेख खालीं येतो आणि मालक समाधान पावतो. इकडे दाबनियामकांवरची वाऱ्याची झुळूक बंद झालेली असते व ते भाजून निघत असतात. जुन्या मदरबोर्डावर, विशेषतः वेगवर्धन चालू ठेवल्यास, यंत्र बंद पडण्याचें हें एक न उमगणारें कारण आहे. पेटीच्या वरच्या किंवा मागच्या बाजूस त्या भागाजवळ एक लहानसा पंखा दिल्यानें काम भागतें.

आतां ज्याच्यासाठीं हा सर्व खटाटोप त्या ग्राफिक्स कार्डाकडे. रॅम आणि एस.एस.डी. यांची उष्णता दहा-बारा वॅटांच्या पलीकडे सहसा जात नाहीं, आणि जुन्या फिरत्या डिस्कच्या जागीं एस.एस.डी. घातल्यानें रोजच्या वापरांत जी चपळाई येते ती कोणत्याहि वेगवर्धनानें येत नाहीं. तेव्हां तो खर्च निःशंकपणें करावा. ग्राफिक्स कार्डाचें तसें नाहीं. मध्यम-वरच्या प्रतीचें कार्ड एकटेंच दोन-अडीचशें वॅट उष्णता त्याच पेटींत ओततें. पेटींतील एकूण उष्णता ४०० वॅट झाली आणि आंतील हवा खोलीपेक्षां दहा अंशांहून अधिक तापूं द्यावयाची नसली, तर उन्हाळ्यांत दर सेकंदाला सुमारें ३८ लिटर, म्हणजे दोन-अडीच घागरी हवा पेटींतून आरपार गेली पाहिजे. निम्मीच गेली तर दहाचे वीस अंश होतात, आणि मघांचे ९६ अंश शंभराच्या पुढें जातात.

एवढी हवा येणार कोठून? घरोघरीं जिला चुकीनें ‘सी.पी.यू.’ म्हणतात ती पेटी संगणकाच्या टेबलाच्या बंद कप्प्यांत कोंडलेली असते, मागची बाजू भिंतीला टेंकलेली असते, आणि वर गृहिणीनें शिवलेलें कापडी आवरण असतें. तें आवरण पुष्कळदां यंत्र चालू असतांनाहि अर्धें तसेंच राहतें. पेटी कप्प्यांतून बाहेर काढणें, मागें वीतभर जागा सोडणें, आवरण केवळ रात्रीं घालणें, यांस एक पैहि लागत नाहीं. पंखे पुढून आंत व मागून बाहेर अशा एकाच प्रवाहांत असावेत. आंत घेणारे थोडे जोरकस असले व त्यांवर जाळी असली तर फटींतून धूळ शिरत नाहीं. पेटीची बाजूची पत्राच काढून ठेवण्याची युक्ति पुष्कळजण करतात. तिनें कधीं आराम पडतो, कधीं ठरीव प्रवाह मोडून उलटेंच होतें, आणि पाल शिरावयास वाट मिळते ती निराळीच.

खोलीच गार करण्याचा उपाय सर्वांत सरळ आहे. येथील उन्हाळा कोरडा असल्यानें वाळ्याचा किंवा गवती पडद्यांचा कूलर चांगलें काम देतो. बाहेर ४० अंश व आर्द्रता शेंकडा २० असतांना पाण्याच्या बाष्पीभवनानें हवा तत्त्वतः २२-२३ अंशांपर्यंत उतरूं शकते. प्रत्यक्षांत ती २६-२७ पर्यंत आली तरी संगणकाला दहा अंशांचा लाभ झाला. फक्त कूलरचा झोत सरळ पेटीवर घेऊं नये, कारण बोअरच्या जड पाण्याचे तुषार आंत जाऊन त्यांतील क्षार मागें राहतात. आणि खिडकी उघडी असावी, नाहींतर दमट हवा खोलींतच कोंडून कूलर निकामी होतो. जुलै उजाडला कीं या उपायाचा जोर संपतो, पण तोंपर्यंत उन्हाचाहि संपलेला असतो.

जुन्या यंत्राचा वीज देणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, कार्डाबरोबरच बदलावा. यांत काटकसर नको. त्यांतील विद्युत्-साठे करणाऱ्या कपॅसिटरांचें आयुष्य तापमान दहा अंश वाढलें कीं ढोबळमानानें निम्मे होतें, आणि दहा-बारा उन्हाळे पाहिलेल्या डब्यावर अडीचशें वॅटांचा नवा भार टाकणें धोक्याचें आहे. तो जातांना कधींकधीं मदरबोर्ड व डिस्क यांनाहि बरोबर घेऊन जातो.

सर्व जुळवाजुळव झाल्यावर यंत्राची परीक्षा सकाळच्या गारव्याला घेऊं नये. भिंतीवर साधें तापमापक टांगावें, दुपारीं तीन-चारच्या सुमारास प्रोसेसर व कार्ड दोन्ही एकदम पूर्ण कामाला लावावींत आणि अर्धा तास थांबावें. दर पांच मिनिटांनीं खोलीचें, प्रोसेसरचें व कार्डाचें तापमान वहींत लिहावें. खोली व प्रोसेसर यांतील फरक हाच खरा आंकडा. तो डिसेंबरांत व मे महिन्यांत जवळजवळ सारखाच यावयास हवा. पुढल्या वर्षीं तो फरक सात-आठ अंशांनीं वाढलेला दिसला तर ब्रश व ब्लोअर काढण्याची वेळ झाली असें समजावें. प्रोसेसर ८५च्या खालीं स्थिर राहिला तर कार्ड त्या पेटींत राहूं द्यावें. न राहिला, तर दुकानदाराच्या परतीची मुदत संपण्यापूर्वीं तें परत करून त्याहून निम्म्या वॅटांचें घ्यावें. आणि हें ज्यांना शक्य आहे त्यांनीं कार्डाची खरेदी दिवाळींत न करतां एप्रिलच्या अखेरीस करावी.